सत्कार संपल्यावर

या स्मरणिकेची पाने चाळताना वाचकांच्या सहज लक्षात येईल की, तिच्यातील बरीच छायाचित्रे सत्काराची आहेत. तथागतांच्या मूर्तीपुढे दीपप्रज्वलन, परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार आणि मग ओळीने उभे राहून शाल व गुलाबपुष्प स्वीकारणारे पाहुणे. या पाहुण्यांत माजी सैनिकांची संख्या मोठी आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पुणे हे छावण्यांचे शहर. खडकी, घोरपडी, वानवडी, देहूरोड या बाजूंना राहणारे कितीतरी निवृत्त सुभेदार, हवालदार, नाईक आमच्या वसतिगृहातील मुलांचे आजोबा, मामा, चुलते आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला अग्निशमन दलातील निवृत्त मंडळी आणि रुग्णवाहिकेवर काम करणारेही येऊ लागले आहेत. संकटाच्या वेळी इतर सर्व जण ज्या दिशेने पळतात, तिच्या उलट दिशेला धावणारी ही माणसे.

व्यासपीठावर त्यांना आम्ही बोलायला किती वेळ दिला, हे सांगताना संकोच वाटतो. निवेदक कानाशी येऊन ‘दोन शब्द’ असे कुजबुजतो, आणि ते खरोखरच दोन शब्दांत आटोपते. शिस्त पाळा, व्यायाम करा, देशाची सेवा करा. टाळ्या पडतात आणि पुढच्या पाहुण्याचे नाव पुकारले जाते.

हीच माणसे कार्यक्रम संपल्यावर भोजनगृहात, उपीट आणि चहा घेत बसली की निराळे बोलतात. शाल घडी करून पिशवीत गेलेली असते, समोर माईक नसतो, आणि आजूबाजूला बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी अशाच कामावर गेलेला असतो. गेल्या वर्षी अशा एका दुपारी आमच्यातील काही शिक्षक त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलो होतो. तेथे जे ऐकले, त्यातून हा लेख जन्मास आला. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सैनिक आणि आपत्तीत धावून जाणारे यांचा आपण सत्कार पुष्कळ करतो, श्रवण करीत नाही. आणि ज्या संस्थेतील मुले उद्या याच वाटेने जाणार आहेत, त्या संस्थेला हे परवडणारे नाही.

त्या दुपारी काय बोलणे झाले? प्रथम एक निवृत्त हवालदार बोलले. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर ते आता एका मोठ्या गृहसंस्थेच्या फाटकावर रखवालीचे काम करतात. ते हसत हसत म्हणाले, “वर्षाचे तीनशे त्रेसष्ट दिवस मी ‘ए वॉचमन’ असतो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तेवढा ‘मेजरसाहेब’ होतो. मेजर तर मी कधी नव्हतोच!” सगळे हसले. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, असे आम्हांस वाटले होते. पण पुढे ते म्हणाले की, पदके त्यांनी ट्रंकेत ठेवली आहेत. फाटकावर ती लावणे बरे दिसत नाही.

अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक तांडेल होते. पेठांतील आगीची वर्दी आली की बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकतो. दुतर्फा लावलेल्या गाड्या, लोंबकळणाऱ्या तारा आणि मोबाईल उंचावून चित्रण करणारी गर्दी यांतून पाण्याचा होज हातांनी ओढत न्यावा लागतो. उशीर झाला की शिव्या मात्र जवानाला बसतात. हे सारे ते एखादा अहवाल वाचावा तसे सांगत होते. मग मध्येच थांबून म्हणाले, “आग विझते हो. पण वास जात नाही. घरी आलो की बायको म्हणायची, आंघोळ केली ना, मग आता कसला वास? तिला कसं सांगायचं?” यावर कोणी काही बोलले नाही. शेजारच्या सुभेदारांनी त्यांच्यापुढे चहाचा दुसरा पेला सरकवला, एवढेच.

रुग्णवाहिकेच्या चालकाची तक्रार वेगळी होती. त्यांच्या कामाला लोक सेवा म्हणतात, आणि कंत्राटाचा कागद नोकरीही म्हणत नाही. अपघातातील माणूस वाटेतच गेला तर नातलगांचा पहिला हात चालकाच्या गळपट्टीला जातो. तरीही पुढच्या फोनवर निघावेच लागते, मध्ये बसून घ्यायला वेळ नसतो.

सगळ्यांचे एकमत होते असे मात्र कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला, त्या दिवसांचा विषय निघाला तेव्हा एक नाईक आवेशाने बोलू लागले. सुभेदारांनी त्यांना अडवले. त्या चार रात्री आपण घरातील दूरचित्रवाणी बंद ठेवली होती, असे त्यांनी सांगितले. “स्टुडिओत बसून ‘घुसा, घुसा’ म्हणणाऱ्याला रात्री घरी जायचं असतं. ज्याला घुसायचं असतं त्याची आई मला ठाऊक आहे.” नाईकांना हे पटले नाही. शत्रूने डिवचल्यावर गप्प बसायचे का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. अग्निपथ योजनेवरही दोघांचे असेच वाजले. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांची सेवा, त्यानंतर अधिकात अधिक पंचवीस टक्क्यांना कायम नेमणूक आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतनाशिवाय सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, असा हिशेब आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. नाईकांचे म्हणणे, विशीत हाती एवढी रक्कम आणि अंगी शिस्त घेऊन बाहेर पडणारा मुलगा वाईट काय? सुभेदारांचे म्हणणे, सैनिक घडायला पहिली काही वर्षे जातात. तो घडतो न घडतो तोच त्याला घरी पाठवायचे, आणि घरी आल्यावर तोही फाटकावरच उभा राहायचा. एवढे बोलून त्यांनी हवालदारांकडे पाहिले, आणि मग आपणच ओशाळले.

हे संभाषण आमच्या मुलांनी ऐकले नाही. त्या वेळी मुले मैदानावर खुर्च्या उचलत होती.

चळवळीचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हां लोकांना याची विशेष खंत वाटावी, असे कारण आहे. निवृत्त सैनिकांच्या अशाच मोकळ्या बोलण्यातून आपल्या चळवळीचा पहिला अंकुर फुटला. कोकणात दापोलीला लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीत त्यांनी हुकूम दिले होते, हिशेब ठेवले होते, लिहिणे-वाचणे शिकले होते. गावी परतल्यावर मात्र त्यांच्या सावलीचाही विटाळ होता. या विसंगतीवर ते आपसांत काय बोलत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांच्यातील एक, हवालदार गोपाळबाबा वलंगकर, १८८६ मध्ये निवृत्त झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर संस्कार होता. त्यांनी वृत्तपत्रांतून लिहिले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार करणारेही वलंगकरच. ज्यांच्या पोटी बाबासाहेब जन्मले ते सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतील शिक्षक, आणि निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिलेले.

पुण्यात हे काम शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे नेले. ते स्वतः सैनिक नव्हते; पण छावणीच्या सावलीत वाढलेले आणि लष्करी पेशाच्या लोकांत वावरलेले होते. १९०३ मध्ये त्यांनी सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवली. १ जुलै १९०८ रोजी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडून लष्कर व पोलीस खात्याची दारे आपल्या लोकांना खुली करावीत, अशी मागणी केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला आले, त्यामागेही कांबळे यांचा पुढाकार होता. आज आपण स्तंभाला मानवंदना देतो, तेव्हा १८१८ च्या लढाईचे स्मरण करतो. मात्र त्या स्तंभापाशी १९२७ मध्ये झालेले भाषण हे पराक्रमाच्या गौरवापाशी थांबणारे नव्हते. लढाईत चालतो तो माणूस भरतीत का चालत नाही, हा रोकडा सवाल तेथे होता. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती अशा पन्नास वर्षांच्या बोलण्याचे, लिहिण्याचे, अर्ज करण्याचे फळ होय. पेन्शनर आपसांत बोलले नसते आणि त्यांचे बोलणे कोणी कागदावर उतरवले नसते, तर हे घडले नसते.

आता अधिक अवघड मुद्द्याकडे येतो. ही संस्था बुद्धाच्या धम्माची आहे. पंचशीलातील पहिले शील आम्ही रोज सकाळी मुलांकडून म्हणवून घेतो, आणि त्याच मुलांतील कितीतरी जण त्याआधी पहाटे पाचला उठून भरतीसाठी सोळाशे मीटर धावून आलेले असतात. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले की आम्ही बहुधा ‘रक्षण वेगळे, हिंसा वेगळी’ असे उत्तर देऊन पुढचा पाठ उघडतो. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

संयुत्त निकायात एका योद्ध्याची कथा आहे. सैनिकी पेशाचा एक गामणी तथागतांकडे येतो आणि विचारतो, रणांगणात झुंजताना मरण पावणारा योद्धा देवलोकी जातो, असे आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले. भगवंतांचे काय मत आहे? तथागत म्हणतात, हे राहू दे, मला विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. तथागत पुन्हा टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ते सांगतात की, समोरच्यांचा वध व्हावा या भावनेने ज्याचे चित्त आधीच मलिन झाले आहे, त्याची गती चांगली नाही. गामणी रडू लागतो. म्हणूनच मी नको म्हणत होतो, असे तथागत म्हणतात. यावर गामणीचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने ऐकण्याजोगे आहे. आपण भगवंतांच्या बोलण्याने रडत नाही, असे तो सांगतो. आपल्याच पेशातल्या जुन्या आचार्यांनी आपल्याला इतका काळ फसवले, याचे त्याला रडू येते.

ही कथा आम्ही अनेकदा वाचली होती. पण ती आमच्याविषयी आहे, हे आम्हांला एका माजी विद्यार्थ्याने दाखवून दिले. आमच्या वसतिगृहात सात वर्षे राहिलेला, धावण्यात अव्वल असलेला हा मुलगा भरती झाला तेव्हा आम्ही त्याची मिरवणूक काढली होती. दोन वर्षांनी रजेवर आला असता तो भेटायला आला. त्याने कोणतीही तक्रार केली नाही. जाताना दाराशी थांबून एवढेच म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला धावायला शिकवलंत. तिथं रात्री झोप कशी लागत नाही, घरचा फोन आला की काय बोलावं, हे पण कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.” त्याने आम्हांला खोटे सांगितल्याचा ठपका ठेवला नव्हता. पण निम्मे सांगणे हीदेखील फसवणुकीचीच धाकटी बहीण आहे. त्या गामणीच्या आचार्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची इच्छा नाही.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की, मुलांना या वाटेपासून परावृत्त करावे असे आम्ही म्हणतो. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्या घराचे पोट भरत नाही, त्या घरातील मुलाला गणवेश हा भाकरीचाही प्रश्न असतो आणि मानाचाही. नाव विचारून पाणी देणाऱ्या गावात गणवेशातील माणसाला नाव विचारले जात नाही, हे आपल्या पिढ्यांनी अनुभवले आहे. आणि आग, पूर, दरड यांच्याशी होणारी झुंज तर कोणत्याही शीलाच्या आड येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले; त्याच्या आदल्या रात्री भिंतीवर वाळूची पोती रचणारे जवान होते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. पावसात दिवसचे दिवस चिखल उपसणारे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे लोक होते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले तेव्हा अग्निशमन दलाच्या बोटी आल्या आणि पाठोपाठ लष्करही आले. अशा कामाला करुणा हेच नाव आहे. पण करुणेने काम करणाऱ्याचे मन दगडाचे नसते, उलट तेच अधिक लवकर भेगाळते, आणि याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न उरतो.

काही तजवीज झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. खडकीला जखमी सैनिकांना हातचा उद्योग शिकवणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज संस्था आहे, १९७४ पासून पक्षाघात झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, आणि सैन्यदलांतील लोकांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आम्ही ही माहिती त्या दुपारी मोठ्या उत्साहाने सांगितली. सुभेदार म्हणाले, “फोन आहे, खरं आहे. पण फोन उचलायच्या आधी मला काहीतरी होतंय हे कबूल करावं लागतं ना. ते कबूल करायला आम्हांला कुठं शिकवलं?” गौरवालाही आपल्याकडे किती उशीर लागतो, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. गौरवाला जर सेहेचाळीस वर्षे लागतात, तर साध्या विचारपुशीला किती लागावीत?

आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा या सर्वांवर उपाय ठरलेला आहे: विपश्यना. त्यांच्या अनुभवाला आम्ही आव्हान देत नाही. पोलिसांत आणि सैनिकांत अनेकांना साधनेने आधार दिल्याचे आम्हीही जाणतो. पण दहा दिवसांचे आर्यमौन माणूस स्वतःच्या इच्छेने स्वीकारतो. ज्याला कोणी विचारलेच नाही म्हणून जो गप्प आहे, त्याच्या मौनाला आर्यमौन म्हणता येणार नाही. आधी बोलणे, मग मौन, असा क्रम आम्हांला योग्य वाटतो. सहकाऱ्यांना तो अद्याप पटलेला नाही.

धम्माच्या परंपरेत या मोकळ्या बोलण्यासाठी एक आखून दिलेली रीत आहे, हे आपण विसरतो. वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला, भिक्खुसंघ पवारणा करतो. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनवतात की, माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. सुरुवात कनिष्ठ करीत नाहीत. सर्वांत ज्येष्ठ प्रथम विनंती करतो. सावत्थीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंसमोर स्वतः तथागतांनी विचारले होते की, माझ्या कायेच्या वा वाणीच्या आचरणात तुम्हांला काही दोष दिसतो काय. ज्याच्यापुढे सारे नतमस्तक, तो स्वतःविषयी ऐकून घ्यायला प्रथम तयार होतो. आमच्या सत्कार समारंभांत याच्या नेमके उलट घडते. तेथे सर्वांना बोलण्याची परवानगी असते ती केवळ चांगले बोलण्याची.

म्हणून आमची सूचना अशी आहे. वर्षातून एकदा, पवारणेच्या पौर्णिमेला, रात्रीचे जेवण आटोपल्यावर भोजनगृहातच बैठक भरावी. निवृत्त सैनिक, अग्निशमन दलाचे लोक, रुग्णवाहिकेवरचे लोक यांना बोलवावे. शाल नाही, पुष्पगुच्छ नाही, माईक नाही, छायाचित्रकार नाही. नववीपासून वरच्या वर्गांतील मुलांनी भिंतीकडेच्या बाकांवर बसून ऐकावे, आणि पहिला प्रश्न शिक्षकांनी स्वतःविषयी विचारावा: आम्ही मुलांना या पेशांविषयी जे सांगतो, त्यात खोटे काय आणि अर्धवट काय? जे सेवेत आहेत त्यांच्यावर नियमांची बंधने असतात. त्यांनी फक्त ऐकले तरी चालेल. लष्करी गुपिते आम्हांला नकोत. झोपेविषयी, भीतीविषयी, पगाराच्या कागदाविषयी आणि घरच्या माणसांविषयी बोलावे.

घरच्या माणसांना बोलवणेही अगत्याचे आहे. तांडेलांच्या पत्नीला त्या वासाविषयी काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे तिच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मध्यरात्री फोन वाजला की ज्या बाईची झोप कायमची उडाली, तिच्यासाठी कोणत्याही समारंभात खुर्ची नसते. व्यासपीठावर शाल एकच येते, आणि ती पुरुषाच्या खांद्यावर पडते.

या सूचनेवर आक्षेप आले आहेत. मुले खचतील, असे काही पालक म्हणतात. जी मुले गरिबी आणि जात पाहत येथवर आली, ती सत्य ऐकून खचतील असे आम्हांला वाटत नाही. भरतीच्या मैदानावरून परत पाठवले गेल्यावर जी खचतात, त्यांच्याशी बोलायला मात्र आज कोणीच नसते. बैठकीत राजकारण शिरेल, असाही आक्षेप आहे. अग्निपथविषयी, युद्धाविषयी, कंत्राटी नोकरीविषयी ज्यांनी अंगावर झेलले ते बोलू लागले की कोणाला ना कोणाला झोंबणारच. सुभेदार आणि नाईक यांचे त्या दुपारी पटले नाही, तरी दोघे एकाच रिक्षाने घरी गेले. आपल्या सभांत एवढे जरी साधले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १४ एप्रिल हा आपला महोत्सवाचा दिवस. याच तारखेला १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजात दारूगोळा होता. आग विझवण्यास गेलेले ६६ अग्निशामक स्फोटात मरण पावले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह याच दिवशी सुरू होतो. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते ते बाबासाहेब. आपली मिरवणूक ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्याच्या कडेला त्या दिवशी बंब उभा असतो आणि त्यावरचे जवान, ज्यांत कित्येक आपलेच असतात, जयंतीच्या दिवशी ड्यूटीवर असतात. आम्ही त्यांना पाण्याची बाटली देतो, क्वचित पेढा देतो. त्या दिवशी गोदीतील सहासष्टांसाठी मिरवणुकीचा डीजे दोन मिनिटे बंद ठेवावा, असे आम्ही गेल्या जयंतीच्या बैठकीत सुचवले होते. सूचना इतिवृत्तात नोंदली गेली आहे.

भोजनगृहातील बैठक मात्र ठरली आहे. हवालदारांनी त्या रात्रीची पाळी बदलून घेण्याचे कबूल केले आहे. सुभेदार आणि नाईक दोघेही येणार आहेत. तांडेल पत्नीला घेऊन येतो म्हणाले. ती बोलेल की नाही, याची खात्री त्यांनाही नाही. आमचा एक माजी विद्यार्थी नुकताच अग्निशमन दलात लागला आहे, त्याला निरोप धाडला, तर त्याचे उत्तर आले की, रात्री वर्दी आली नाही तर नक्की येतो.